शर्टाच्या पुठ्ठ्यावरचा खेळाडू

गेल्या दिवाळीत मामीला भेटायला सास्तूरला गेलो होतो. फराळ झाला, चहा झाला आणि मामेभावाने मध्येच विचारले, "काय रं, आपल्या वहीत संदीप पाटलाची सरासरी किती लिहिली होती?"

मी विचार न करता सांगितले, ३६.९३.

"न्हाई. तेहतीस पॉइंट अठ्ठ्याहत्तर."

मी हसलो. कसोटी क्रिकेटमधली संदीप पाटीलची सरासरी ३६.९३ आहे, हे कुठल्याही आकडेवारीच्या पुस्तकात मिळते. मामेभाऊ शांतपणे म्हणाला, "पुस्तकात काय हाय ते मी इचारलं न्हाई. वहीत काय होतं ते इचारलं."

मी शिकलो वाणिज्य, नोकरी केली हिशेबनिसाची, आणि इतिहासाचा नाद लागला तो भूमच्या जुन्या दुकानांतल्या खतावण्या चाळताना. खव्याच्या पेढ्यांचे हिशेब, सावकारी वह्या, लग्नाच्या याद्या असले कागद गोळा करता करता पंचवीस वर्षे गेली. गुरू कोणी नव्हता. एक शिस्त मात्र आपोआप लागली : कागद बघितल्याशिवाय आकडा बोलायचा नाही. इथे मी ती मोडली होती. अर्थात कागद बघणार तरी कुठून? ती वही ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे सास्तूरच्या मातीत गेली.

तेव्हा या लेखाचा विषय एक हरवलेली वही आहे. तिच्यात आम्ही दोघांनी १९८१ ते १९८७ या काळात क्रिकेटपटूंची कार्डे जमवली होती. 'जमवली' म्हणण्यापेक्षा 'केली' म्हणणे बरोबर, कारण विकत मिळणारे कार्ड आमच्या वाट्याला फार उशिरा आले.

खेळाडूचे कार्ड ही वस्तू मुळात आली कुठून, हे आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळत. त्या चुरगळू नयेत म्हणून आत एक जाड कागदाचा तुकडा घालत. तुकडा कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्याच्यावर चित्र आले : नट्या, जहाजे, पक्षी, मल्ल आणि बेसबॉलचे खेळाडू. अ‍ॅलन अँड गिंटर या कंपनीची जगज्जेत्या खेळाडूंची कार्डे १८८७-८८च्या सुमाराची आहेत. इंग्लंडमध्ये विल्सने १८९६ साली ५० क्रिकेटपटूंचा संच काढला. त्या जमान्यातल्या सिगारेट-कार्डांवर आपले रणजितसिंहजीही भेटतात. हिंदुस्थानात पेनिन्सुलर टोबॅको कंपनीने तर कार्डांवर हिंदू देवता छापल्या. सिगारेटच्या पाकिटातून गणपती निघालेला बघून त्या वेळच्या आजोबांना काय वाटले असेल, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४०मध्ये ब्रिटिश सिगारेट-कार्डे बंद पडली. अमेरिकेत मात्र तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. टॉप्स कंपनीचा १९५२चा बेसबॉल संच हा आजच्या कार्डाचा नमुना मानतात. पुढे खेळाडूचे रंगीत चित्र, मागे त्याची जन्मतारीख, उंची आणि आकडे. या संचाचा नमुना ठरवणाऱ्या साय बर्गर यांनीच काही वर्षांनी, १९६०च्या सुमारास, त्यातली न खपलेली खोकी बोटीवर चढवून अटलांटिक समुद्रात बुडवली, कारण गोदामात जागा नव्हती. त्याच संचातले मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. रद्दीवाला या नात्याने मला ही गोष्ट फार आवडते.

पण किमती हा या छंदाचा गाभा नव्हे. अमेरिकेत पन्नाशी-साठीतले पुरुष पोरवयातली कार्डे पुन्हा शोधतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा हवा असतो तो सर्वांत मोठा खेळाडू नव्हे. गावाच्या किंवा आवडत्या संघाचा, दोन-चार हंगाम चमकून गेलेला, बाकी जग विसरलेला कुणी एक हवा असतो. १९७३ साली ब्रेंडन बॉइड आणि फ्रेड हॅरिस या दोघांनी अशा कार्डांवर एक आख्खे पुस्तक लिहिले. त्यात दिग्गजांपेक्षा सामान्य खेळाडूंचीच गर्दी आहे. कार्डाची ही गंमत आहे. छापखान्याला मोठा-लहान कळत नाही. विक्रमवीराला जेवढा आयत, तेवढाच बाराव्या गड्याला.

भूममध्ये १९८१ साली यातले काहीच नव्हते. बालाघाटच्या डोंगररांगेतला खव्यासाठी ओळखला जाणारा आमचा तालुका. वर्तमानपत्र एसटीने यायचे, तेही दुपारी : सोलापूरचा 'संचार' किंवा औरंगाबादचा 'मराठवाडा'. आदल्या दिवशीचा अंक किराणा दुकानात पुडीचा कागद व्हायच्या आत मिळवायचा, हे माझे काम. मामेभावाचे काम पुठ्ठ्याचे. सास्तूरजवळच्या बाजारात त्याच्या ओळखीचे एक कापडाचे दुकान होते. तयार शर्टाच्या घडीत, कॉलरखाली, एक गुळगुळीत पांढरा पुठ्ठा असतो, तो दुकानदार फेकून देत. तो पुठ्ठा मापाने कापायचा, त्याच्यावर कणकेच्या खळीने फोटो चिकटवायचा आणि पाठीवर शाईने आकडे लिहायचे. झाले कार्ड. वहीच्या पानाला चार तिरक्या चिरा देऊन कोपरे त्यात अडकवायचे, म्हणजे कार्ड काढून पाठ वाचता येई. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे जायचो, तेव्हा वही एकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जाई.

अमेरिकन कार्ड सिगारेट मोडू नये म्हणून घातलेल्या कागदातून जन्मले आणि आमचे शर्टाची कॉलर मोडू नये म्हणून घातलेल्या पुठ्ठ्यातून. हे साम्य मला पन्नाशी उलटल्यावर कळले. कळले तेव्हा घरात कोणाला सांगावे हे सुचेना.

एक फरक मात्र महत्त्वाचा होता. टॉप्सचे कार्ड दर वर्षी नवे निघते. त्यामुळे एका खेळाडूची कार्डांची रांगच तयार होते आणि चेहरा म्हातारा होत गेलेला दिसतो. आमच्याकडे एका खेळाडूला एकच पुठ्ठा. फोटो तोच राहायचा, पाठीवर दर मालिकेनंतर एक ओळ वाढायची. आम्ही आधीच ओळी आखून ठेवत होतो. गावसकरच्या कार्डाला दोन पुठ्ठे जोडावे लागले. काहींच्या ओळी कोऱ्या राहिल्या.

पहिले कार्ड संदीप पाटीलचे. मी तेव्हा चौथीत होतो. त्याच्याआधी क्रिकेट म्हणजे गावसकर, आणि गावसकर म्हणजे थोरल्या लोकांचा देव. पाटील आमचा होता. जानेवारी १९८१मध्ये सिडनीच्या कसोटीत तो ६५ धावांवर खेळत असताना लेन पॅस्कोचा उसळता चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. हेल्मेट नव्हते. त्याला मैदानाबाहेर न्यावे लागले. पुढच्याच कसोटीत, त्याच महिन्यात, अ‍ॅडलेडला तो हेल्मेट घालून उतरला आणि त्याने १७४ धावा काढल्या. ऑस्ट्रेलियात तोवर कुठल्याही भारतीयाने कसोटीत एवढ्या धावा केल्या नव्हत्या. आधीचा उच्चांकही याच मैदानावरचा : १९४८च्या जानेवारीत सांगलीच्या विजय हजारे यांनी अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली होती. एका मराठी माणसाचा उच्चांक दुसऱ्याने मोडला, तोही त्याच मैदानात. वहीत हजारेंचे कार्ड नव्हते याची आता खंत वाटते.

ही खेळी मी रेडिओवर ऐकली, असे मी आयुष्यभर सांगत आलो. थंडीची पहाट, वडिलांचा मर्फी रेडिओ, खरखर आणि मराठीतून समालोचन. 'फलंदाज', 'गोलंदाज', 'षटक' हे शब्दसुद्धा कानात आहेत. आवाज बाळ ज. पंडितांचा. आता जरा विचार करा. मराठी समालोचन असायचे ते आपल्याकडच्या सामन्यांचे. अ‍ॅडलेडहून मराठी आवाज भूमला कुठून येणार? पंडितांचा आवाज मी ऐकला तो दुसऱ्याच कुठल्या तरी सामन्यात, आणि मनाने तो उचलून अ‍ॅडलेडवर चिकटवला, खळ लावून. त्या खेळीचा खरा पुरावा माझ्याकडे एकच होता : काही दिवस जुन्या अंकातला डागाळलेला फोटो. खेळाडू मी पाहिला तो ठिपक्या-ठिपक्यांच्या छपाईत. आवाज नंतर भरला.

पुढच्या ओळी भराभर वाढल्या. जून १९८२, ओल्ड ट्रॅफर्ड, नाबाद १२९. बॉब विलिसच्या एका षटकात त्याने सहा चौकार मारले. षटकात एक नोबॉल होता, म्हणून चेंडू सात, आणि सातांतल्या सहांवर चौकार. आमच्या वहीत 'सहा चेंडू सहा चौकार' असे होते की 'सात चेंडू', यावर आमचे अजून एकमत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मद्रासला श्रीलंकेविरुद्ध नाबाद ११४. मग २२ जून १९८३, पुन्हा तेच ओल्ड ट्रॅफर्ड, पुन्हा तोच विलिस कर्णधार, विश्वचषकाची उपांत्य फेरी : अवघ्या ३२ चेंडूंत नाबाद ५१. एकदिवसीय सामन्यांसाठी पाठीवर जागा नव्हती, म्हणून ही ओळ आम्ही कडेने उभी लिहिली. हे मात्र दोघांनाही आठवते.

याच सुमारास 'एकच षटकार' हातात पडू लागला. द्वारकानाथ संझगिरी त्याच्याशी निगडित होते आणि संपादक होता स्वतः संदीप पाटील. बार्शीच्या एसटी स्टँडवर अंक मिळायचा. कुणी बार्शीला निघाले की पैसे द्यायचे. अंक आला की मी कात्री घ्यायचो. ज्याच्या अंकावर कात्री चालवायची त्याचाच फोटो कापायचा, हे पुढे विचित्र वाटले, तेव्हा नाही. १९८५मध्ये त्याचा 'कभी अजनबी थे' हा सिनेमा आला, तेव्हा मामेभावाने वर्तमानपत्रातली जाहिरात कापून आणली आणि फोटो बदलू या म्हणाला. मी बदलू दिला नाही. मला अ‍ॅडलेडचाच हवा होता. डागाचा.

पण १९८५पर्यंत कार्डाचे काम थांबलेलेच होते. ऑक्टोबर १९८४मध्ये फैसलाबादला त्याने १२७ धावा काढल्या. त्याच दौऱ्यात सियालकोटचा सामना चालू असताना इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी आली आणि दौरा तिथेच संपला. वेंगसरकर ९४वर नाबाद राहिला, शतकाविना. डिसेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीची कसोटी भारताने गमावली. दुसऱ्या डावात पाटील ४१वर असताना हवेत फटका मारून बाद झाला. पुढच्या कलकत्ता कसोटीतून त्याला आणि कपिलदेवला वगळले. कपिल एका कसोटीनंतर परतला. पाटील कसोटीत पुन्हा कधीच दिसला नाही. फैसलाबादचे शतक आणि ही हकालपट्टी यांच्यात दोन महिन्यांचेही अंतर नाही. वय अठ्ठावीस.

कलकत्त्याला त्याच्या जागी आला मोहम्मद अझरुद्दीन. पहिल्याच कसोटीत ११०, मग मद्रासला ४८ आणि १०५, मग कानपूरला १२२ आणि नाबाद ५४. तीन कसोटींत तीन शतके. मामेभावाने त्याच दिवसांत अझरचे कार्ड बनवले आणि वहीत पाटीलच्या समोरच्याच पानावर लावले. मी उन्हाळ्यात सास्तूरला गेलो तेव्हा ते पाहिले आणि कार्ड उपटून काढले. मामेभाऊ रडला नाही, पण रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मामाने ते कार्ड स्वतः खळ लावून परत बसवले, चिरांत न अडकवता, कायमचे. "दोघंबी खेळू द्या की," एवढेच म्हणाले.

मामा शेतकरी होते, क्रिकेट त्यांना कळत नव्हते. वहीतले एकमेव न निघणारे कार्ड त्यांच्या हातचे.

पाटीलच्या पाठीवर ओळी उरल्या होत्या. पाच असाव्यात. पुढची दोन वर्षे संघ जाहीर झाला की मी यादी वाचायचो आणि त्या ओळी आठवायच्या. अमेरिकन कार्डाच्या पाठीवर कोऱ्या ओळी नसतात, कारण तिथे झाले तेवढेच छापतात. आमच्या हातच्या कार्डावर न झालेलेही दिसत होते.

मग १९८७. भारतात रिलायन्स विश्वचषक, आणि दुकानात 'बिग फन' हे च्युइंगम. वेष्टनात खेळाडूचे चित्र आणि त्याच्यावर धावा किंवा बळी. ठराविक धावा जमल्या की एक छोटी पुस्तिका मिळायची. तिची पाने अंगठ्याने भराभर सोडली की खेळाडू फटका मारताना दिसे. आज पंचेचाळीस-पन्नाशीत असलेल्या कुणालाही विचारा, हे नाव काढले की चेहरा बदलतो. मी दहावीत होतो. च्युइंगम खायचे वय उलटले होते, तरी खाल्ले. ते गम रबरासारखे लागायचे, जबडा दुखायचा. चित्रे जमली, धावा जमल्या, पण माझ्या हाताला संदीप पाटील एकदाही लागला नाही. लागेल कसा? तो त्या संघातच नव्हता. पहिल्यांदाच खरीखुरी, छापलेली, रंगीत कार्डे मिळत होती आणि त्यात आपला माणूस नाही. त्या दिवसांत माझा वहीतला रस गेला. वही सास्तूरलाच राहिली, मामाच्या घरातल्या देवळीत.

इथे जरा थांबून एक गोष्ट नोंदवतो. कागद कोणाच्या वाट्याला येतो हा प्रश्न काही क्रिकेटपुरता नाही. आमचा जिल्हा खो-खोचा. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२०चा अर्जुन पुरस्कार मिळाला, २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या. आयपीएल आल्यावर टॉप्सने भारतात 'क्रिकेट अटॅक्स' नावाची कार्डे आणली. माझ्या पुतण्याकडे त्यांचा ढीग होता. सारिका काळेंचे कार्ड त्या ढिगात कुठून असणार? भूमच्या शाळेत खो-खो खेळणाऱ्या मुलीला ते हवे असेल तर तिला शर्टाचा पुठ्ठाच शोधावा लागेल.

आता १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूर हे त्यातले एक मोठे गाव, आता लोहारा तालुक्यात आहे. आमच्या भागातली जुनी घरे म्हणजे दगड आणि मातीच्या हात-दोन हात जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. त्या पहाटे तेच वजन अंगावर आले. मामेभाऊ पुण्यात कामाला होता म्हणून वाचला. मामीला दुपारी बाहेर काढले. मामा गेले.

वहीचा विषय आम्ही त्यानंतर काढला नाही. वडील गेलेल्या माणसाला वहीचे काय विचारायचे? मला मात्र अधूनमधून वही आठवायची, आणि आठवली की लाज वाटायची. तीस वर्षांहून अधिक काळ हे असेच होते. गेल्या दिवाळीत विषय त्याने काढला, मी नाही. आणि काढला तोही सरासरीपासून.

आता त्या आकड्याकडे येतो. भूमला परतल्यावर मी कागद घेऊन बसलो. संदीप पाटील : कसोटी २९, डाव ४७, नाबाद ४, धावा १५८८. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत. डावांतून नाबादचे डाव वजा करतात, कारण त्या डावात तो बाद झालेलाच नसतो. म्हणून ४७ वजा ४, म्हणजे ४३. आणि १५८८ भागिले ४३ म्हणजे ३६.९३. पुस्तकातला आकडा.

मग सहज, १५८८ला ४७ने भागून पाहिले. ३३.७८, पुढे सात उरतात.

आम्हाला नाबादचा नियम माहीतच नव्हता. शाळेत सरासरी शिकवली होती ती मार्कांची : बेरीज करा, संख्येने भागा. आम्ही तसेच केले असणार, आणि दशांशाची तिसरी जागा न बघता सोडून दिली असणार. नाबाद १२९ आणि नाबाद ११४ या माझ्या दोन लाडक्या खेळ्या, पण नाबाद राहण्याचे जे बक्षीस नियमाने त्याला मिळते, ते आम्ही त्याला दिलेच नव्हते.

एका साक्षीवर निकाल देऊ नये. मी मामेभावाला फोन केला आणि कारण न सांगता विचारले, अझरच्या पहिल्या मालिकेची सरासरी आपण किती लिहिली होती? तो लगेच म्हणाला, "सत्त्याऐंशी पॉइंट ऐंशी." अझरच्या त्या मालिकेत पाच डाव, एकदा नाबाद, धावा ४३९. खरी सरासरी १०९.७५. आणि ४३९ भागिले ५ म्हणजे ८७.८०.

दोन्ही आकडे एकाच चुकीतून निघतात. म्हणजे मामेभावाला आठवत होती ती खरोखरची वही, तिच्यातल्या चुकांसकट. मला आठवत होते ते नंतर वाचलेले पुस्तक, आणि मी ते वहीच्या जागी ठेवून दिले होते. आमच्या दोघांत जुन्या कागदांचा अभ्यासक म्हणवून घेणारा मी. तो पुनर्वसनातल्या घरापुढे किराणा दुकान चालवतो.

अमेरिकेत जेफरसन बर्डिक नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. सिरॅक्यूजमधल्या विजेच्या सामानाच्या कारखान्यात काम करायचा, एकटा राहायचा, संधिवाताने बोटे वाकलेली. त्याने कार्डे जमवली आणि त्यांची वर्गवारी लावून १९३९मध्ये सूची काढली. होनस वॅगनरच्या ज्या कार्डाला आज लाखो डॉलर मिळतात, ते ज्या संचातले आहे त्याचे 'टी २०६' हे नाव या कामगाराने ठेवलेले आहे. १९४७पासून त्याने आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, तीन लाखांहून अधिक कागद, आणि पुढे स्वतः तिथे बसून ते वह्यांत चिकटवत राहिला. १९६३च्या जानेवारीत काम पुरे झाले. मार्चमध्ये तो वारला. त्याच्याविषयी वाचले तेव्हा मला वाटले होते, हा माझा माणूस. आता वाटते, बर्डिकजवळ कागद होते. कागद नसताना काय करायचे, हे त्याच्याकडून शिकता येत नाही.

ते आम्ही सध्या आमच्या पद्धतीने करतो आहोत. दर रविवारी फोन. एक कार्ड घ्यायचे. आधी त्याने सांगायचे, मी लिहायचे, मधे बोलायचे नाही. मग मी सांगायचे. दोघांचे जुळले तेवढेच पक्के. जुळले नाही ते पेन्सिलीने. पुस्तक शेवटी उघडायचे, आणि पुस्तकाप्रमाणे काही दुरुस्त करायचे नाही, हा नियम त्याने घातला आहे. पहिल्या काही रविवारी मी मोडला, त्याने फोन ठेवला.

सात कार्डे झाली. गावसकर (जोडपुठ्ठा), कपिल, वेंगसरकर, किरमाणी, मोहिंदर, पाटील, अझर. पाटीलचा अ‍ॅडलेडचा फोटो मिळवायला निघालो होतो, आज तो सहज मिळेलही, स्वच्छ आणि चकचकीत. मामेभाऊ म्हणाला तो नको, त्यावर तेलाचा डाग होता, डाव्या खांद्यावर. मला डाग आठवतो, खांदा उजवा आठवतो. पेन्सिलीने लिहिले. पाठीवरची सरासरी शाईने लिहिली, ३३.७८, आणि खाली पाच ओळी आखल्या.

पुढच्या रविवारी आठवे कार्ड आहे. त्याच्या मते यशपाल शर्मा, माझ्या मते रॉजर बिन्नी. शिवाय अझरचे कार्ड चिकटवायचे की चिरांत अडकवायचे, हे अजून त्याला विचारायचे आहे. नव्या शर्टात आता पुठ्ठा पूर्वीसारखा जाड येत नाही. पण मामीने जुन्या ट्रंकेत शोधून दोन काढून ठेवले आहेत, असे परवा कळले.